कंसातलं

लिंडेनहोफ, मॅनिटोबा
१८ जानेवारी १९८४

चि. एल्वीरास,

आईचा सप्रेम सलाम. प्रभूच्या कृपेने आम्ही दोघं बरे आहोत. तूही शहरात बरी असशील अशी आशा करते. नाताळचं पत्र जाऊन महिनासुद्धा झाला नाही आणि पुन्हा माझं पाकीट आलं म्हणून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलं नाही. एक प्रश्न अडला आहे आणि तो सोडवेल असं माणूस माझ्या ओळखीत तूच एक आहेस. पण तो शेवटी. आधी बातम्या.

थंडी अशी की अंगणातून कोंबड्यांपर्यंत जाऊन येईतो पापण्या चिकटतात. कोंबड्या रुसल्या आहेत. तुझ्या भावाच्या, कॉर्नीच्या, धाकटीला दात आले आणि पहिल्याच दिवशी तिने ते आजोबांच्या बोटावर वापरून पाहिले. तुझ्या बाबांनी इतक्या वर्षांनी हिवाळ्याआधी चर्चचं डिकनपद सोडलं. म्हणाले, "गुडघे प्रार्थनेला टेकतात, पण परत उठायला तयार होत नाहीत." आता ते दिवसभर बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडतात आणि मी टरफलं झाडते.

चर्चच्या तळघरातला पाण्याचा पाइप गोठून फुटला, म्हणून आमचं गोधडी मंडळ सध्या दर मंगळवारी आपल्याच घरी भरतं. गोधडीची चौकट जेवणाच्या खोलीत मांडली की खोली संपते. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात यायचं तर चौकटीखालून रांगत यावं लागतं. मागच्या आठवड्यात तुझे बाबा कॉफीसाठी असे रांगत निघाले, तर नेटी क्रान मावशी वरून म्हणतात, "आब्राम, डिकनपद सोडलंस म्हणून एवढं खाली यायला नको होतं रे!" मावशींना आता कमी ऐकू येतं, पण जीभ जागेवर आहे.

आम्ही टाके घालायचे आणि एकीने मोठ्याने वाचायचं, हे तुला आठवत असेल. तू चौकटीखाली बसून पडलेल्या सुया शोधायचीस. आजवर आम्ही मिशनऱ्यांचे अहवाल वाचत आलो. पण या वर्षीच्या अहवालात नुसते आकडे आहेत, तेव्हा सूश रेंपलने (ती आता गावच्या लायब्ररीत दोन दिवस काम करते) एक जुनं पुस्तक आणलं. 'वेशीवरची घंटा'. नाटक आहे म्हटल्यावर दोघींनी सुया खाली ठेवल्या; आपल्या मंडळीत नाटक वर्ज्य, तुला सांगायला नको. सूश म्हणाली, "बघायचं नाहीये गं, वाचायचंय. इथे कोणी तोंडाला रंग लावत नाही की तिकीट फाडत नाही. आणि शेवटी प्रार्थना आहे." पाळकांना आम्ही विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं.

तुला ते नाटक पाठ असेल, तरी मला सांगावंसं वाटतं. एका राजाचं तटबंदीचं गाव. संध्याकाळची घंटा झाली की वेस बंद, बाहेर राहील तो बाहेर. एका संध्याकाळी वेशीच्या पहारेकऱ्याचीच मुलगी बाहेर राहते. तिची आई तटावर चढून तीन पानं बोलते, गावाला बोलते, नवऱ्याला बोलते, देवाला बोलते, आणि मग पावाच्या पोटात किल्ली लपवून तो दोरीने खाली सोडते. पहारेकरी सगळा वेळ पाठ करून बसलेला. एकदाही वळत नाही. आमच्यात यावरून भांडण झालं. नेटी मावशी म्हणतात, बहिरा असणार, माझ्यासारखा. सूश म्हणते, भित्रा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

बायका गेल्यावर मी ते एकटीने पुन्हा वाचलं. एल्वी, मला वाटलं नव्हतं की नाटक वाचण्यात एवढी मजा असते. गोष्टीच्या पुस्तकात लेखक शेजारी बसून सगळं सांगत असतो. नाटकात तो दिवा लावून निघून जातो आणि माणसं आपल्या हवाली करतो. मी त्यांना आपल्याच गावातले चेहरे दिले. राजाला कॉर्नीचा गोठ्यातला कोट घातला. तटबंदी आपल्या धान्याच्या कोठाराएवढी उंच केली. खर्च काही नाही आणि दळणवळण बंद असलं तरी खेळ होतो.

आता प्रश्न. नेटी मावशींचं म्हणणं असं, की शास्त्रातला एक शब्द आपण गाळत नाही, तर इथला का गाळायचा? म्हणून आम्ही कंसातलंही मोठ्याने वाचतो. "हाय देवा कंस सुरू रडते कंस पुरा." सूशला हसू आवरत नाही. ती म्हणते, कंस मनात वाचायचे असतात. यावरून मंडळात दोन तट पडले आहेत आणि गोधडी एका बाजूने पुढे गेली आहे. कोण बरोबर, ते कळव.

सूश सांगत होती की शहरात कोणी या नाटकावरून नवं नाटक लिहिलं आहे, आणि ते छापूनही आलं आहे. कोणी लिहिलं ते मी विचारलं नाही.

उत्तर दोन ओळींचं चालेल. घरी ये असं मी लिहीत नाही. "या टेबलावर नाटकवाल्यांचं ताट नाही," असं तुझे बाबा म्हणाले त्याला बारा वर्षं झाली. तू पुढच्या दाराने गेलीस, आणि तेव्हापासून आपण नाताळचीच माणसं झालो. मी आजवर लिहिलं नाही, आताही लिहीत नाही.

अंग झाकून राहा. लोकरीचे मोजे वेगळ्या पाकिटाने पाठवले आहेत.

तुझी
आई


लिंडेनहोफ
१२ फेब्रुवारी, रविवार दुपार

चि. एल्वीस,

आईचा आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. टपाल तुझ्या बाबांनीच आणलं. अक्षर ओळखलं असणार, कारण ते पत्र त्यांनी बाकीच्या कागदांत टाकलं नाही, जेवणाच्या टेबलावर मीठदाणीला टेकवून उभं ठेवलं आणि बिया फोडायला निघून गेले. मी उघडताना समोर थांबले नाहीत. पण फोडायचा आवाजही येईना.

तुझं उत्तर मी मंडळात वाचून दाखवलं: "कंसातलं करणाऱ्यासाठी असतं, ऐकणाऱ्यासाठी नाही. नाट्यगृहात बसलेल्याला ते कधीच ऐकू येत नाही. फक्त वाचणाऱ्याला मिळतं." सूश म्हणाली, बघा, मी जिंकले. मावशी म्हणाल्या, "आपण वाचणाऱ्याच आहोत, म्हणजे आपल्याला मिळायलाच हवं. मी जिंकले." गोधडीचं काम पुन्हा दोन्ही बाजूंनी सुरू झालं.

शेवटची ओळ मी वाचून दाखवली नाही. "आई, माझं पुस्तक हाती आलं तर वाचू नकोस, तुला त्रास होईल."

एल्वी, तुझं हे वाक्य येण्याआधीच ते माझ्याकडे होतं. पिठाच्या डब्यामागे. सूशने पहिल्या पत्राच्याही आधी आणून दिलं होतं. लायब्ररीची मुदत संपून गेली, दंड भरला, तो हिशोबात 'किरकोळ' या सदरात टाकला. आयुष्यात पहिल्यांदा चुकीच्या सदरात काही लिहिलं. किरकोळ नव्हतं ते.

खरं सांगते, आधी मला वाईटच वाटलं. गावात बोलणं चालूच होतं, की आब्राम ड्यूकच्या मुलीने आपल्याच घराचा तमाशा मांडलाय म्हणून. मी दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. जुन्यावर चमचा, नव्यावर झारा, पानं मिटू नयेत म्हणून. आणि शिवणाचे दोन तुकडे जुळवतात तशी एकेक जागा जुळवत गेले. तट कुठे आहे? तट नाही, स्वयंपाकघराची भिंत आहे. घंटा? बाबांची जेवणानंतरची प्रार्थना. वाः, म्हटलं. जुन्यात मुलगी आत यायला धडपडते, तुझ्यात बाहेर जायला. हेही बरोबर, म्हटलं, हल्ली वेशी आतून बंद असतात. हे जुळवताना मला किती आनंद होत होता म्हणून सांगू! जुन्या पडद्याचा फ्रॉक केला की फुलं तीच असतात, पण आता ती चालायला लागतात. तसं.

मग मी आईचं भाषण शोधायला लागले. तीन पानं. तटावरची. ती कुठे गेली? तुझ्या नाटकातली आई भांडी घासते. सगळ्या नाटकात ती एक शब्द बोलत नाही. मला वाटलं, झालं, माझ्या लेकीने मला मुकी करून टाकली. वडील बोलतात, मुलगी बोलते, शेजारीण बोलते, तिचा कुत्रासुद्धा भुंकतो. मी पुस्तक मिटलं आणि पिठाच्या डब्यामागे परत ठेवलं. त्या दिवशी पाव नीट फुगले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं, आणि तेव्हा कंस वाचले. आधी सवयीने वरवरचे वाचून पुढे गेले होते. एक कंस आहे, तुला माहीत आहे कुठला. तरी लिहिते:

(आई नळ पूर्ण सोडते. ताटं आधीच धुतलेली आहेत. मुलीची पावलं बाहेरच्या खोलीत ऐकू जाऊ नयेत म्हणून ती पाणी वाहू देते. वडील सोफ्यावर झोपलेले आहेत.)

ताटं आधीच धुतलेली आहेत. एल्वी, हे तुला कसं कळलं? तू तर मागच्या दाराशी पाठमोरी बूट घालत असायचीस. तुझ्या शाळेच्या बाईंची मोटार रस्त्याच्या तोंडाशी दिवे बंद करून उभी असायची, नाटकाच्या तालमीला तुला न्यायला. तू मला काही सांगितलं नव्हतंस. मी तुला काही विचारलं नव्हतं. गुरुवार आला, जेवणं झाली, तुझे बाबा तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरायला लागले, की मी धुतलेली ताटं पुन्हा नळाखाली धरायची. पाणी तेव्हा विकतचं असल्यासारखं होतं, तुझे बाबा गाडीवर पिंप घालून गावातून आणत आणि जमिनीखालच्या टाकीत ओतत. मी भाज्या धुतलेलं पाणी झाडांना घालणारी बाई. आणि दर गुरुवारी मी ते असं वाहू द्यायची. टाकी नेमकी गुरुवारी सकाळीच भरलेली असायची. मी ती प्रभूची कृपा समजून मनात आभार मानत असे.

मला वाटत होतं हे मला आणि देवालाच ठाऊक आहे.

म्हणजे तीन पानं तू टाकून दिली नाहीस. जुन्या आईने किल्ली पावात लपवली, तू पाण्यात लपवलीस. शहरात जे लोक तिकीट काढून बसले असतील त्यांना एक बाई भांडी घासताना दिसली असेल. ज्याने वाचलं त्यालाच कळलं की ती बोलत होती. मी पुस्तक घेऊन किती तरी वेळ नळापाशीच उभी राहिले. नळ बंद होता.

आता अडचण. नेटी मावशींनी मंडळात हुकूम सोडला आहे, "जुनं झालं, आता आपल्या एल्वीचं नवं आणा. सगळं गाव त्याची निंदा करतंय. न ऐकता निंदा करणं मला पटत नाही. मी ऐकून करीन." मी नाही म्हणाले असते तर लाज वाटली म्हणून नाही म्हणते असं झालं असतं. ती गोष्ट मला सहन झाली नसती. म्हणून हो म्हणाले. चौकट आपल्याच घरी आहे. तुझे बाबा दाराच्या पलीकडे असतात, आणि त्यांचे कान मावशींसारखे नाहीत.

मला भीती कसली, ते लिहून टाकते. एका नाटकवालीला ताट नाही म्हणणारे ते गृहस्थ. घरातली बाई हिवाळाभर त्यांना फसवत होती हे त्यांनी कंसातून ऐकलं, तर मीठदाणीला टेकवलेलं पत्रही पुढच्या वेळी उभं राहायचं नाही. जे थोडं उरलं आहे तेही जाईल. मी प्रार्थना करते आहे की त्या मंगळवारी कॉर्नीकडे एखादी गाय विताना अडावी. गायीला काही होऊ नये, नुसती अडावी.

मला तुझ्यावर राग नाही. हे वाक्य कंसाबाहेर लिहिते.

तुझी
आई


लिंडेनहोफ
७ मार्च, बुधवार

माझ्या एल्वीस,

सलाम आणि आशीर्वाद. खुशाली वगैरे शेवटी. गाय अडली नाही.

काल नेहमीपेक्षा एक बाई जास्तच आली. एकावर एक गोळा बसवलेले दुमजली पाव आदल्या दिवशीच भाजून ठेवले होते, पुरले. तुझ्या बाबांना मी सकाळपासून दोनदा सुचवलं की कॉर्नीकडे जाऊन या. "रस्त्यावर बर्फ आहे," म्हणाले. बर्फ ऑक्टोबरपासून आहे. वाटीभर बिया घेऊन सोफ्यावर बसले. दार ओढलं, पण लावलं नाही.

पुस्तक एकच, ते चौकटीवरून फिरत होतं. सूशने मुलीचं काम घेतलं. मावशींनी वडिलांचं मागून घेतलं. "मला ओरडायला आवडतं," म्हणाल्या. मग मला, "युस्टीना, तू आईचं वाच."

"तिला वाक्यंच नाहीत, मावशी."

"एकही नाही?"

"नाही."

"बरं झालं, तुझं काम सोपं. मग कंस तू वाच. बघू, किती आहेत... अगं, सगळे आईच्याच कामाचे दिसतायत."

वाचन सुरू झालं. बायका आधी तोंड आवळून बसल्या होत्या. शेजारणीच्या प्रवेशात सूशने असा आवाज काढला की टाके थांबले. मी माझे कंस वाचत होते, 'आई टेबल पुसते', 'आई खिडकीबाहेर बघते'. पलीकडे बियांचा आवाज चालू होता, टक, टक. तो माझ्या कानाला घड्याळासारखा लागला होता. तो चालू आहे तोवर सगळं ठीक.

ते पान आलं. सूश माझ्याकडे बघेना. मी तो कंस सोडला आणि खालच्या वाक्याला बोट लावून पुस्तक पुढे सरकवलं.

मावशींनी ते धरलं. चष्म्यावर भिंग. "युस्टीना, एक कंस राहिला."

"लहानसाच आहे."

"चार ओळींचा आहे. लिहिलेलं गाळायचं नाही, हे मी काय उगाच सांगत आले का? वाच."

मी वाचला. माझा आवाज मलाच परका वाटला. 'ताटं आधीच धुतलेली आहेत' इथे कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. ओळखलं सगळ्यांनी. सोफा ओळखला, नळ ओळखला. सगळ्यांनी माना खाली घालून एकदम भराभर टाके घालायला सुरुवात केली. माझा कंस संपला आणि मला कळलं की टक टक थांबलेली आहे.

पुढचं मी काय वाचलं ते मला आठवत नाही. शेवटी मुलगी निघून जाते आणि आई नळ बंद करते, तिथे पुस्तक संपलं. कोणी प्रार्थनाही म्हणेना. मावशींनी सुई गोधडीत खोचली. "म्हणजे बोलली की ती! जुनीला तीन पानं लागली, हिने चार ओळींत उरकलं." मग शालीला हात घालत म्हणाल्या, "निंदा करायला आले होते. जागाच ठेवली नाही पोरीने." जाताना त्यांनी माझा गाल थोपटला. हात सुईने खरखरीत झालेला आहे त्यांचा.

बायका गेल्या. मी कपबश्या गोळा केल्या, मुद्दाम सावकाश. चौकटीखालून तुझे बाबा रांगत बाहेर आले, गुडघा धरून उठले आणि टेबलाशी बसले. कॉफी ओतली. पाव पुढे केला. त्यांनी वरचा मजला काढून बशीत ठेवला, नेहमीसारखा, आणि त्याकडे बघत राहिले.

"पुस्तकात चूक आहे," म्हणाले.

मी कॉफीची किटली खाली ठेवली. "कुठली?"

"त्यात लिहिलंय वडील झोपलेत."

"मग?"

"मी झोपलेलो नव्हतो."

मी म्हटलं, "अहो, तुम्ही घोरत होतात. घर हलायचं."

"घोरत होतो. झोपलो नव्हतो."

एल्वी, मी खुर्ची ओढून बसले. ते म्हणाले, "नळाच्या आवाजात पावलं बुडतात असं तुला वाटायचं का? या घराची फळी न् फळी मी ठोकली आहे. पहिल्याच गुरुवारी ऐकलं मी. दार ऐकलं. रस्त्यावरची मोटारसुद्धा ऐकली."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर डिकनला कळलं असतं."

हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की मला आधी समजलंच नाही. मग सावकाश, पावाचे तुकडे करत, सांगत गेले. चोरून जात होतीस तोवर त्यांना माहीत नसल्यासारखं करता येत होतं. घोरायला काय लागतं? पण तू टेबलावर बसून, सगळ्यांदेखत, मी नाटकात जाणार म्हणालीस, आणि मग त्यांच्यातल्या डिकनला ऐकावंच लागलं. आणि एकदा ताटाबद्दल तसं बोलून झाल्यावर ते परत कसं घ्यायचं, ते त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. "ती बोलली नसती तर," म्हणाले.

"तिला बोलावंच लागलं असतं," मी म्हटलं. "सगळेच काही कंसात राहू शकत नाहीत."

त्यांनी पावाचा आणखी एक तुकडा केला. मग मला एकदम आठवलं. "अहो, आणि गुरुवारची टाकी?"

"पाणी लागायचं ना तुला गुरुवारी," म्हणाले, आणि बशीत बघायला लागले. "जास्तच लागायचं."

इतक्या वर्षांपूर्वीच्या त्या पाण्याबद्दल मी प्रभूचे आभार मानत होते. ते काही चुकीच्या पत्त्यावर गेले नाहीत, पण मधल्या हमालाचं नाव मला माहीत नव्हतं. मी हसायलाच लागले. डोळ्यांतून पाणी येतंय आणि हसतेय. म्हटलं, "म्हणजे आब्राम ड्यूक, या घरात सगळ्यात मोठं नाटक तुम्ही केलंत! तेही दर गुरुवारी. तोंडावर वर्तमानपत्राचा पडदा घेऊन."

त्यांचे कान लाल झाले. लग्नाच्या वेळी झाले होते तसे. "रंग नव्हता लावला," म्हणाले.

जुन्या नाटकातला पहारेकरी का वळत नाही ते मला कळलं. वळला असता तर त्याला बघावं लागलं असतं. मावशींना आज सकाळी निरोप पाठवला, की तो बहिरा नव्हता. सूशला सांगायचं आहे की तो भित्राही नव्हता, किंवा होता, पण तेवढाच नव्हता.

रात्रीची प्रार्थना झाल्यावर ते पुन्हा म्हणाले, "तिला लिही. पुढल्या वेळी छापतील तेव्हा दुरुस्त कर म्हणावं."

"तुम्हीच लिहा की."

"मला कंस काढता येत नाहीत." मग जिन्याकडे वळत, "आणि सोफा तिने खिडकीशी ठेवलाय. खिडकीशी कधीच नव्हता. जिन्याखाली आहे. बघितल्याशिवाय लिहिलं की असं होतं. येऊन नीट बघून जा म्हणावं."

मी वाट बघितली. वर जाताना जिन्यात थांबून म्हणाले, "शहरातली बस गुरुवारी येते ना?" बस रोज येते, एल्वी. हे त्यांना माहीत आहे.

आज सकाळी मी उठायच्या आत गाडीवर पिंप घालून गावात गेले होते. आता आपल्याकडे नळाला विहिरीचं पाणी आहे, पिंपाचं काही काम नाही. मी खिडकीतून बघितलं आणि काही विचारलं नाही. या घरात कोणी कोणाला विचारत नाही, पण सगळ्यांना सगळं माहीत असतं, हे मला तुझ्या पुस्तकाने शिकवलं.

ये म्हणून मी कधी लिहिलं नाही. जुन्या नाटकातल्या त्या आईला तीन पानं लागली, मला एक शब्द पुरेल. ये. मागच्या दाराने नको, पुढच्या. सुक्या फळांचं सार करीन. चौकट त्या दिवशी भिंतीला लावून ठेवीन, म्हणजे कोणाला कोणाकडे रांगत यावं लागणार नाही.

मोजे मिळाले का ते कळवलं नाहीस.

(आई नळ बंद करते. टेबलावर एक ताट जास्त आहे. बाहेरच्या खोलीत वडील सोफ्यावर, तोंडावर वर्तमानपत्र, घोरत नाहीत.)

तुझी
आई